आत मी, बाहेर तुम्ही

प्रिय अण्णा,

पत्र बघून दचकू नका. हातपाय धड आहेत, कामही आहे, आणि ते सोडून अजून तिसरीकडे पळालेलो नाही. आठवीतच शाळेला रामराम ठोकलेला माणूस कागद घेऊन बसलाय म्हणजे काहीतरी बिनसलंय, असं तुम्ही ताईला म्हणाल, म्हणून आधीच सांगून टाकलं.

इथे लॉन्ड्रीच्या गच्चीवर एक लोखंडी टाकी आहे, आपल्या घरच्या टाकीची थोरली बहीण शोभेल अशी. तळालगतची तिची एक बाजू गंजली आणि धुतलेल्या पांढऱ्या चादरींवर तांबूस ठिपके पडायला लागले. हॉटेलवाल्यांनी गठ्ठेच्या गठ्ठे परत धाडले. नवी टाकी मालकाला झेपणारी नाही. मला म्हणाला, टाकीवाल्याचा पोरगा ना तू, मग लाव ठिगळ, नाहीतर मी कुलूप लावतो आणि तुम्ही सगळे मोकळे. मी छाती काढून हो म्हटलं.

आणि नेहमीसारखी घाई केली. तुम्ही आधी बोटाने पत्रा वाजवायचात, आवाज बद्द आला की तिथे खडूची खूण. मी सरळ आत उतरलो आणि तारेच्या ब्रशने सगळा गंज खरवडून काढला. एक भोक होतं, त्याची चाळणी झाली. पत्रा संपला की गंजच पाणी धरून बसतो, हे तुमचं बोलणं तेव्हा आठवलं. वरातीमागून घोडं. मग बंद पडलेल्या मशिनचा पत्रा कापला, त्याखाली सायकलची जुनी ट्यूब घातली, नट-बोल्ट भंगारातून वेचले.

बोल्ट आवळायला दोघं लागतात, हे तुम्हाला काय सांगायचं. बाहेर इस्त्रीवाल्याला बसवलं. माणूस चांगला, पण त्याची भाषा मला येत नाही आणि माझी त्याला. आमचं सगळं भुवयांवर चालतं. आत बसल्यावर सवयीने दोन ठोके दिले. आपलं ठरलेलं, एक ठोका म्हणजे हात काढ, दोन म्हणजे आवळ. बाहेरून काहीच नाही. पुन्हा दिले. माझाच आवाज गोल फिरून माझ्याकडे आला. बेटा चहा प्यायला खाली गेला होता.

तो येईपर्यंत बसून राहिलो. झाकणातून उजेडाची भाकरीएवढी चकती गुडघ्यावर पडली होती. तुमचं पोट झाकणात अडकायचं म्हणून तुम्ही मला आत सोडायचात, आतला गडी म्हणायचात. तेव्हा त्या अंधाराची कधी भीती वाटली नाही, कारण माझ्या दोन ठोक्यांना तुमचे दोन यायचेच. इथे एका खोलीत आम्ही इतके जण झोपतो की कूस बदलायला शेजाऱ्याला विचारावं लागतं. तरी एकटं वाटतं, ते काही टाकीतच वाटलं असं नाही. टाकीत फक्त ऐकू आलं.

शेवटी इस्त्रीवाल्याला ठोके शिकवले. आता आमच्यात तेवढी एक भाषा आहे, जेवताना ताटावरही वाजवतो. ठिगळ बसलं, वरून सिमेंटचा पातळ हात दिला, चादरी पांढऱ्या निघाल्या.

हे सगळं मी रविवारी फोनवर सांगितलं होतं, अण्णा. तुम्ही बरं बरं म्हणालात आणि जेवलास का विचारलंत. मी जेवलो म्हटलं, तर पुन्हा तेच विचारलंत. मग ताईला खोदून विचारलं. जन्मभर पत्रा ठोकून कान गेले आणि मला सांगू नको म्हणून तिला दम भरलात, होय ना? घरची टाकी गळते, शेजाऱ्याला बाहेर बसवून तुम्ही आत उतरणार, हेही तिनेच सांगितलं. पोट उतरलंय, आता मीच मावतो, असं हसत म्हणालात म्हणे. तो बाहेरून ड्रिल लावेल, एक ठोका देईल, आणि तुमचा हात आत तिथेच असेल. फोनवर सांगून तुम्ही पुन्हा बरं बरं म्हणाल, म्हणून लिहितोय. टाकी गळू दे, खाली बादली ठेवा. मालकाकडून रजा कबूल करून घेतली आहे. मी येतो, मीच उतरतो. तुम्ही बाहेर बसा, पत्र्यावर तळहात ठेवून. ठोका हाताला कळतो, मी इथे कान झाकून करून बघितलंय.

तुमचाच,
आतला गडी