दुसऱ्या ओळीचे कप्पे

९ फेब्रुवारी

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

आमच्या फौजदारीणबाई दीड महिन्याच्या झाल्या. आवाज खणखणीत, वजनाचा काटा मात्र हलायला तयार नाही. दूध कमी पडतंय गं. बाळंतपणात रक्त फार गेलं, त्यात थायरॉईड मंदावलाय, म्हणून दोन्हींच्या गोळ्या चालू आहेत. तू शिवलेल्या सात कप्प्यांच्या पिशवीमुळे एकही वार चुकलेला नाही. सकाळी कप्पा उघडायचा, दोन्ही गोळ्या एका घोटात. तरी अंगात त्राण नाही.

मला निदान सहा महिने पाजायचंय. आत्या म्हणते, नाद सोड, तुझ्या आईकडच्या बायकांचं दूध टिकतच नाही. खरं का हे?

तुझी,
ठकू

१६ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि मशीन बंद करून बसले. आत्याला ते मीच सांगितलं होतं, आणि ती थाप होती. माझ्या आईने मला दोन वर्षं पाजलं. तुझ्या वेळी मी इतकी गळून गेले होते की गिऱ्हाइकाच्या झग्याला बाही उलटी लावली. येणारा प्रत्येक जण तुझं वजन विचारायचा. मला कसं वाटतंय ते कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. दोन महिन्यांत दूध आटलं, ते मी माहेरच्या नावावर खपवलं.

तू तसं करू नकोस. पिशवी घेऊन दवाखान्यात जा आणि आधी स्वतःचं सांग. तोवर ते म्हणाले तर वरचं दूध खुशाल दे, त्यात कमीपणा नाही.

तुझी आई

३० जून

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

मधे नुसती कार्डं टाकली, रागावली नसशील. आज मिरवायला लिहितेय. सहा महिने पुरे झाले आणि बाईसाहेब अजून माझ्याच दुधावर आहेत. मांड्यांना वळ्या पडल्यात.

कार्डात मावलं नाही ते सांगते. तेव्हा दवाखान्यात नर्सबाईंनी आधी तुझ्या शिलाईचं कौतुक केलं, मग कपाळाला हात लावला. लोहाची गोळी सोबत घेतली की थायरॉईडची गोळी अंगाला नीट लागत नाही म्हणे, मधे चार तास हवेत. आपण मायलेकींनी अगदी नीटनेटका घोळ घातला होता. तू कप्प्यांची दुसरी ओळ शिवून पाठवलीस आणि हळूहळू मी माणसात आले. वरचं दूधही सुटलं. आता चष्म्याच्या कारखान्यात पुन्हा काचा घासते, आणि जेवणाच्या सुट्टीत कोठीत बसून दूध काढून ठेवते. दाराला आतून कडी साहेबांनी स्वतः बसवून दिली.

डॉक्टर म्हणाल्या, थायरॉईडचा आजार घराण्यात असू शकतो. तूही तपासून घे. थापा नकोत.

तुझी,
ठकू

१२ जुलै

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र प्रत्येक गिऱ्हाइकाला वाचून दाखवलं. एक बाई माप न देताच पळाली.

तपासलं. माझाही थायरॉईड मंद निघाला, आणि रक्तही कमी. तेव्हापासूनच होता का, ते आता सांगता येत नाही. मी माझ्यासाठी पिशवी शिवली, दोन ओळींची.

तुझा दोन महिन्यांचा फोटो मी एकतीस वर्षं धड बघितला नव्हता. तुझे काडीसारखे हात दिसले की मी तुला कमी पडले असंच वाटायचं. काल बाहेर काढला. तुला मांडीवर घेऊन मीही बसलेय त्यात. किती आजारी दिसते गं मी, आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. तू मात्र बोललीस. मला तुझा फार अभिमान वाटतो.

नातीला पापा. यापुढे पत्रात तिच्याआधी तुझी तब्येत लिहीत जा, माझा लोभ त्यावरच वाढेल.

तुझी आई