निम्मी जुळणी

३ मार्च

ती. आईस,
सा. न.

हे तिसरं पत्र. विचारलं तेवढं सोडून तू बाकी सगळं कळवतेस: शिवणयंत्राचा पट्टा तुटला, शेजारीण घर बदलतेय. माझ्या अस्थिमज्जेने रक्त तयार करणं जवळपास थांबवलंय. पूर्ण जुळणारं कुणी सापडत नाही. आईचं मात्र निम्मं जुळतंच आणि तेवढ्यावर भागतं, असं डॉक्टर म्हणतात. प्रयोगशाळेत मी इतकी वर्षं पेशी वाढवल्या, आता माझ्यात वाढायला तुझ्या हव्यात. जन्मभर शिवणकाम केलंस आणि सुईला घाबरतेस का गं? महिनाभरच हातात आहे.

तुझीच,
ठकी


९ मार्च

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

सुईला नाही, तुला घाबरत होते. माझं रक्त जुळेल याचा भरवसा नाही. तू मावशीच्या पोटची. तिचं लग्न झालेलं नव्हतं. चौथ्या दिवशी तुला माझ्या मांडीवर ठेवून ती म्हणाली, "परत मागायला आले तर दार उघडू नकोस." तू दोन वर्षांची असताना ती आली. मी उघडलं नाही. तासभर ती पायरीवर बसून होती आणि मी आत तुझ्या तोंडावर हात धरून उभी. तेव्हापासून आमचं बोलणं नाही.

काल ती कामाला असते त्या धुलाईघरात गेले. ओल्या चादरींच्या ढिगाशी तिचे पाय धरले. तिने हात पुसले आणि गाडी किती वाजता, एवढंच विचारलं. मी कुठल्या तोंडाने येऊ?

लोभ राहील का, हे विचारायचाही धीर नाही.

तुझी (काय लिहू?)


२ एप्रिल

ती. आईस,
सा. न.

तुझं पत्र वाचून दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडले होते. तुझा राग आला, मग तिचा. मावशीचं निम्मं जुळलं. काल तिच्या पेशी नळीतून माझ्यात सोडल्या. रुजतील का, ते तीन आठवड्यांनी कळेल. डॉक्टर खात्री देत नाहीत. ताप आहे, म्हणून अक्षर असं.

आमच्या शास्त्रात जनक पेशी दुभंगते, तिच्या दोन होतात आणि ती स्वतः उरत नाही. म्हणून तिथे भांडण नाही. इथे तुम्ही दोघीही उरलात.

संमतीपत्रावर 'आईचं नाव' या रकान्याशी माझं पेन अडलं. मावशीने ते हातातून घेतलं, तुझं नाव लिहिलं आणि पान उलटलं.

लगेच निघ. खाटेशी खुर्ची एकच आहे, तुमचं तुम्ही बघा.

तुझी,
ठकी