खालची जागा

१२ एप्रिल, रविवार

तळपायाची आग मस्तकात गेलीय. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठरलं — मागच्या उतारावरचं रान साफ करून तिथे गाड्यांचं पार्किंग करायचं. आणि ठरलं ते माझ्याच बोलण्यावरून!

मी उभी राहून माझ्या मोडक्या हिंदीत म्हटलं होतं, "वो खाली जगह हम सबके काम की है." खाली, म्हणजे उताराच्या खाली. इथल्या हिंदी बोलणाऱ्यांनी ऐकलं, रिकामी. अध्यक्ष सचिनजी लगेच, "देखिए, दीदी भी मान रही हैं." टाळ्या पडल्या. मला वाटलं, रान वाचलं. मीही वाजवल्या! घरी येताना शेजारच्या अंजनीने अर्थ सांगितला तेव्हा कळलं.

१३ एप्रिल

म्हणे रिकामी. मोह आहे, तेंदू आहे, धावडा आहे. बेहड्याच्या ढोलीत धनेशाची मादी अंड्यांवर बसलीय — दार लिंपून, चोचीपुरती फट ठेवून. नर दिवसभर फळं आणून भरवतो. झाड पाडलं तर तिला बाहेरसुद्धा पडता येणार नाही. आणि हे लोक पार्किंगच्या कडेने पाम लावणार, हिरवळ म्हणून. डोंबल!

श्रीरंग म्हणाला, "काहून एवढी चिडून राहिली? होते अशी गडबड. चलो, जेवून घे."

जेवले नाही. नवऱ्याला इतकं साधं कळू नये याचाच जास्त राग आला.

१४ एप्रिल

नर सकाळपासून फेऱ्या मारतोय. बघवत नाही.

१५ एप्रिल

अंजनीला घेऊन सचिनजींकडे गेले. खालीचा मराठी अर्थ सांगितला. पोट धरून हसले. इथे माझा जीव चाललाय आणि माणूस हसतो! मग म्हणाले, "पर श्रीरंग भैया तो आपके बाजू में ही बैठे थे. यहीं के पले-बढ़े हैं, दोनों भाषा जानते हैं. वही टोक देते."

मशीन सोमवारी येणार. निर्णय बदलायचा तर शनिवारी पुन्हा मीटिंग घ्यावी लागेल. ती घेऊ म्हणाले.

१६ एप्रिल

श्रीरंगला विचारलं. मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "समजलं होतं ना मला. पण आपली नवी गाडी उन्हात उभी राहते."

शनिवारी मी त्याच्याशेजारी बसणार नाही.