चिंचेने घासलेले मग

८ नोव्हेंबर, शनि.
उम्म अल कुवैनचा आमचा क्लब नवीन वर्षात बंद होणार. जागेचे मालक अबू सालेम, त्यांना तिथे शोरूम काढायचीय. दुबईच्या अल कुसैसहून दर शनिवारी जातो आम्ही, आमची लेक रेवा तिथेच पोहायला शिकली. फार वाईट वाटलं.
ब्रायन सर्वांत जुने मेंबर. म्हणाले, इंग्लंडात त्यांच्या गावी तीन पब होते, एक क्रिकेट क्लब. एकेक करत सगळे गेले. मग त्यांनी त्या पबांचा इतिहास लिहिला. "उशीर झाला होता, अनघा. दारं बंद झाल्यावर लिहिला."
म्हणून आपल्या क्लबचा आत्ताच लिहायचा आणि मालकांना दाखवायचा. कमिटीने काम माझ्या गळ्यात मारलं.

१५ नोव्हें.
फोटो काढायचे म्हणून बार आवरायला घेतला. वर खुंट्यांवर पितळी मग. मेंबर झाला की प्रत्येकाने आपला मग टांगायचा, माणूस देश सोडून गेला तरी मग तिथेच, अशी रीत. सगळे काळेकुट्ट! मला राहवलं नाही. चिंच-मीठ लावून देवाच्या भांड्यांसारखे घासले, टॉवेलवर पालथे घातले. लखलखीत. स्वतःवरच खूश.
ब्रायन आले आणि एकेक मग उलटसुलट करून बघू लागले. मगांवर नावं नाहीतच. डागांवरून ओळखायचे एकेकाचा. आता सगळे सारखेच चकचकीत, आणि कुठला कुठल्या खुंटीवर तेही गेलं.
मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१६ नोव्हें.
जुन्या मेंबरांच्या ग्रुपवर सगळ्या मगांचे फोटो टाकले. माफी मागितली. "आपापला ओळखा, प्लीज."
रेवा: "Mom, they'll roast you."

१९ नोव्हें.
फोन थांबेनात! कोचीहून जोसेफ: वाकड्या कानाचा तो माझा, बायकोने माझ्यावर फेकून मारला होता, नेम चुकला. मागून बायको ओरडली, "नेम बरोबर होता, हा वाकला!" पुण्याचे देशपांडेकाका आणि स्कॉटलंडची मार्गारेट एकाच मगावर हक्क सांगतायत, ग्रुपवर जुंपलीय. मग त्यावरून कोण कधी आलं, पहिला गणपती कुठे बसवला, वादळात छप्पर कुणी धरून ठेवलं...
मी कणीक मळता मळता ऐकतेय, लिहितेय. इतिहास आपणहून चालत येतोय. ब्रायन हसले आज.

२९ नोव्हें.
अबू सालेम आले. मी हिंदीत वाचून दाखवलं. आधी फोनकडेच लक्ष. मग म्हणाले, "मॅडम, वो जोसेफवाला फिर से।" पुन्हा वाचलं.
"मेरी वालिदा को सुनाना है। अरबी में दो।"
"तो क्लब रहेगा?"
"पहले अरबी। फिर देखेंगे, इन्शाल्ला।"
बाहेर ब्रायन म्हणाले, त्यांच्या गावात पुन्हा वाच असं कुणी म्हटलं नव्हतं.

३० नोव्हें.
रेवाला भाषांतराला बसवलं. "Mom, school Arabic is not real Arabic!" इतकी वर्षं शिकलीस ना, मग यल्ला, चल. कुरकुरत, डिक्शनरी बघत, जोसेफचं पान झालं. तिनेच रेकॉर्ड करून पाठवलं.
संध्याकाळी अबू सालेमकडून व्हॉइस मेसेज. शब्द नाहीत. एक म्हातारी बाई, त्यांची आईच असणार, हसतेय, खोकला लागेपर्यंत.
क्लबबद्दल अक्षर नाही. रेवा न सांगता पुढचं पान घेऊन बसली.