खाऱ्या पाण्याचा चहा

अण्णा, समुद्राच्या पाण्याचा चहा होत नाही. हे तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं होतं, पण जालन्यात सांगणार कोण? समुद्र ना तुम्ही पाहिलेला, ना आईने. एसटीत कुणी प्रवासी एक इंग्रजी पुस्तक विसरला, न्यायला कुणी आलं नाही, म्हणून तुम्ही ते डेपोतून घरी आणलंत. मुखपृष्ठ फाटलेलं, त्यामुळे नाव आपल्याला कधी कळलंच नाही. व्हिक्टोरिया राणीच्या काळातली जहाजं आणि घरातून पळून खलाशी झालेला एक पोरगा. आई भाकऱ्या थापतेय, तुम्ही पाटावर बसून इंग्रजी ओळीवर बोट ठेवताय आणि तोंडाने मराठी सांगताय. वादळ आलं की तुम्ही पाटासकट डोलता. वादळ शमलं की खलाशी बादलीभर समुद्र वर ओढतात आणि आलं घालून चहा टाकतात. "दूध कुठलं हो तिथं?" आई विचारते. तुम्ही जरा अडखळता. "शेळी आहे की जहाजावर!" आणि त्या दिवसापासून जहाजावर शेळी आलीच.

तुमची नात इथेच, न्यूझीलंडात, रोटोटुनात वाढली. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. परवा म्हणाली, "आई, कॅन यू जस्ट से इट इन इंग्लिश?" मला राग आला, आणि रागापेक्षा भीती जास्त वाटली. हिची मराठी गेली तर फोनवर ही आणि तिची आजी नुसत्या एकमेकींकडे बघून हसत बसणार. म्हणून मी तुमचं पुस्तक काढलं. तिला स्वयंपाकघरात बसवलं आणि अगदी प्रामाणिकपणे, ओळीला ओळ लावून मराठीत सांगू लागले. पोरगा बेटावर पोचला आणि माझी जीभ अडली. पुस्तकात बेटावरच्या माणसांना रानटी म्हटलंय, खलाशी आधी गोळ्या झाडतात. मी गप्प का झाले म्हणून तिने पुस्तक ओढून स्वतः वाचलं आणि बाजूला सारलं. "दॅट्स सो मीन!" शेजारची तिची मैत्रीण माओरी आहे, म्हणजे इथल्या मूळच्या लोकांतली; त्या मुलीची आजी आम्हाला परसातली रताळी, त्यांचा कुमरा, आणून देते. लेक जँडल्स, म्हणजे रबरी चपला, पायात सरकवून त्यांच्याकडेच निघाली.

मी पाठीमागून म्हटलं, "आजोबांच्या गोष्टीत असं नव्हतं." ती दारात थांबली. तुमच्या बेटावरच्या म्हातारीने पोराला भाजलेली रताळी कशी खाऊ घातली, ते सांगितलं. "लाइक कुमरा?" "कुमराच." मग वादळ, बादली, चहा. "सी वॉटर? आई, यक! इट्स सॉल्टी!" मी म्हटलं, "पण शेळीचं दूध घालून." ती हसून हसून जमिनीवर बसली. आणि डोळे पुसत म्हणाली, "मग? पुढे काय झालं?" आपण मराठीत विचारलं हे तिच्या लक्षातही आलं नाही. मी मात्र वळून स्वच्छ ओटा पुन्हा पुसत बसले.

आता रोज शाळेतून आली की, "आजोबांचं सांग." इंग्रजी अजून भरपूर असतं मधेमधे, असू दे. तो रानटीपणा तुम्ही जाणूनबुजून गाळलात की तुम्हाला ते इंग्रजी कळलंच नव्हतं, हा प्रश्न मला पडतो. मला वाटतं, गाळलातच. शेवटची गाडी चुकलेल्या प्रवाशांना तुम्ही डेपोतून थेट घरी जेवायला आणायचात, आणि आई कुरकुरत आणखी पीठ मळायची. तुमच्या बेटावर कुणी उपाशी पोराला हाकललं असतं तरच नवल.

शनिवारी आम्ही रॅग्लनला समुद्रावर जातोय, छोटी शेगडी आणि आलं घेऊन. तिला आजोबांचा चहा करायचाय. "तू कधी करून पाहिलास?" तिने विचारलं. मी नाही म्हटलं.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाहीच, तर तुम्हाला सांगते. तुम्ही गेलात आणि मला वेळेत पोचता आलं नाही, तेव्हा मी एकटीच त्या किनाऱ्यावर गेले होते. बाटलीभर पाणी घरी आणलं, आलं ठेचून घातलं, दूध घातलं. दूध नासलं. तरी अर्धा कप प्यायले, अण्णा.