इंदूबाईच्या नावानं ‘हाव’

३ नोव्हेंबर, सोमवार
आली बाप्पा अमरावतीले! अकोल्याहून यष्टीत उभ्यानं आली, पन मन खुश. बाया परदेशात कामाले धाडनाऱ्या एजन्सीचं घर दुमजली आहे, फरशी चकाचक. बार्शीटाकळीले माह्या घरी नळ आठव्या दिवशी येते, इथं चोवीस तास पानी. मी तं दोनदा आंग धुतलं.

मस्कतले जाचं आहे. मोनालीताई म्हनून अकोल्याचीच पोरगी तिथं राह्यते. तिचं सव्वा महिन्याचं लेकरू पाहाचं, सैपाक कराचा. फोनवर मले मावशी म्हनते. तुमी आल्यावरच बारसं करू म्हने. आन मंग दबकत इचारलं, मावशी, खोकला-बिकला तं नाई न तुमाले? मी म्हनलं, माह्या छातीत दगड टाकला तरी वाजनार नाई.

घर सांभाळते ते दीपमालाताई, आधी नर्स होती. तिनंच हे वही देली, वर माहं नाव लिवलं, जयवंता तायडे. ताप, खोकला, जेवन रोज लिवा म्हने. मी चौथी शिकलेली, अक्षर पाहून डॉक्टरच आजारी पडन, असं म्हनलं तं हासली नाई.
ताप नाई. खोकला नाई. चार भाकरी खाल्ल्या.

४ नोव्हेंबर, मंगळवार
डॉक्टरीनबाईनं दोन सुया टोचल्या. गोवराची एक, कावीळची एक. मंग बसवून समजावलं. तिकडं एका खोलीत सहा-सहा जनी ठेवतात, खिडकी आहे का पाहून घ्याची, पानी उकळून प्याचं. मी उलटं इचारलं, आमच्या आळीत डेंगूनं दोन मानसं गेली, त्याच्याहून भारी काय आहे तिकडं? थे म्हने, बाई, तिकडून काय घेऊन येसान ते राहू द्या, इकडून काय घेऊन जासान ते पाहा. टीबीवालीले तिकडचे लोक छातीचा फोटो पाहूनच वापस धाडतात. आन तान्ह्या लेकराले तं हा रोग आधी धरते.

मले सांगाची गरज नोती. माहा मालक मोतीराम टीबीनंच गेला. दोन वर्षं मी त्याचं थुंकी-भांडं केलं. गोळ्या मधातच सोडल्या त्यानं. तो वल्ला खोकला मी भिंतीच्या पलीकडूनबी ओळखते. माही तपासनी तवाच झाली, मी साफ निंघाली.
ताप नाई. खोकला नाई.

६ नोव्हेंबर, गुरुवार
खोलीत दुसरी आली. इंदूबाई, मोर्शीची. संत्रा भरायच्या शेडमदी कामाले होती. बोलाले गोड. थैलीभर संत्री आनली, सोलून सोलून मले चारली. मंग खोकली.

वल्ला. मोतीरामचाच.

मी आडपडदा ठेवत नाई. म्हनलं, इंदू, तुले टीबी आहे. सरकारी दवाखान्यात जाय, गोळ्या फुकट भेटतात, सा महिन्यात नीट होशीन. थे हासून म्हने, तू डॉक्टरीन काहून नाई झाली वं? सा महिने थांबली तं जागा जाते माही.
मी माही खाट वढून खिडकीपाशी नेली.

८ नोव्हेंबर, शनिवार
आज छातीचे फोटो झाले. आधी माहा झाला. मंग फोटो काढनाऱ्या पोरानं इंदूबाईचं नाव पुकारलं. थे पदरात खोकून राहिली होती. दीपमालाताईनं मले कोपरानं ढोसलं. जा न, म्हने, दोन मिन्टाचं काम आहे, नाई तं दोघीयच्याबी फायली इथंच पडतीन.

रोजगार हमीवर आमी हेच करतो. हजेरी घेतानी एखादी आली नसली का तिच्या नावानं दुसरी ‘हाव’, म्हंजे हजर, म्हनते. कोनाचं काही बिघडत नाई. मी किती जनीयच्या नावानं हाव म्हनलं, मोजदाद नाई.
तसंच तोंडातून निंघून गेलं. हाव.
मशीन थंडगार होतं. पोरगा कागदातून मान वर न करता म्हने, श्वास धरा, इंदूबाई. मी धरला.

१० नोव्हेंबर, सोमवार
दोघी पास. इंदूनं माहे पाय धरले. मी झटकले. हे बरोबर नाई झालं. तिच्या ठरलेल्या घरी म्हातारी मानसं आहेत. डॉक्टरीनबाईले सांगून टाकते, असं दीपमालाले म्हनलं. थे म्हने, सांग, मंग तूबी मस्कत इसर.
शनिवारपासून इंदू खोकली नाई. एकडाव बी नाई.

११ नोव्हेंबर, मंगळवार
दुपारी इंदू आरशापुढं बसली होती. पदर तोंडावर, खांदे गदगदा हालून राहिले. आवाज नाई. तवाच माह्या छातीतून खोकला निंघाला. वल्ला. थे थांबली का मी थांबली. थे परत हालली का मी परत —
तिच्या पदरावर लाल ठिपका. माह्या पदरावर काहीच नाई.
रोग तिच्यातच आहे. आवाज तेवढा माह्या आंगात आला.
वहीत काय लिहू? ताप नाई. खोकला — कोनाचा लिहू?

१३ नोव्हेंबर, गुरुवार
दीपमाला मले इंदूबाई म्हनून राहिली. दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा मीच ओ देली.
फायलीत पाह्यलं. जयवंता नावावरचा चेहऱ्याचा फोटो — नाक माहं, डोळे इंदूचे —
इंदूची फाईल तिथं नाई.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
मोनालीताईले फोन लावला. सांगाचं होतं, जे बाई येऊन राहिली थे मी नाई, लेकराले तिच्यापाशी देऊ नका. खोकलाच निंघत गेला. कशीबशी म्हनलं, मी जयवंता. थे घाबरून म्हने, कोन बोलून राहिल्या तुमी? जयवंता मावशीसंग तं सकाळीच बोलली मी. खोकला नाई त्यायले.
मंग नंबर बंद.

१५ नोव्हेंबर, शनिवार
गाडी आली. नागपूरच्या विमानाले. इंदूबाई खोकते म्हने, म्हनून दीपमालानं मले खोलीत ठेवून दार बाहेरून लावलं. खिडकीतून दिसते — दीपमाला फाटकात यादी वाचून राहिली. माहं नाव आलं का वरून आरोळी ठोकते. मी आहे जयवंता. तिले टीबी आहे. आडवा तिले —

इंदू माही पिशवी घेऊन उभी. माहं पातळ. पदर तोंडाले लावला. खांदे —

जयवंता मोतीराम तायडे —

म्या तोंड उघडलं. खोकला. नुसता खोकला —

खालून माह्याच आवाजात. साफ. हाव.

गाडीचं दार लागलं. लेकराचं अजून नावबी नाई ठेवलं. मावशी आल्यावर बारसं, तिच्याच मांडीवर —