गॅलरीचा कठडा आणि शंभर मार्क

२ फेब्रुवारी
डॉक्टर म्हणाले, रोज सकाळ-संध्याकाळ बीपी मोजा आणि लिहून ठेवा. नातीने मशीन आणलं, डायरीही तिनेच आणली. मी चौथीपर्यंत शिकले, पण अक्षर डॉक्टरपेक्षा बरं आहे. यात फक्त बीपी लिहायचं, लोकांच्या भानगडी नाहीत. तोंडाला आवर घालणं या वयात जमणार नाही, निदान हाताला तरी घालावा.
सकाळी १३०. संध्याकाळी १३२.

३ फेब्रुवारी
सकाळी १३०.
दुपारी चारला वरच्या मजल्यावरचे गंजवाले आले. माणूस शास्त्रज्ञ. चाळीस वर्षं प्रयोगशाळेत बसून लोखंड कसं गंजतं ते बघितलं. लोखंड गंजतं हे आमच्या घरात सगळ्यांना फुकटात माहीत होतं. बायको जाऊन सहा वर्षं झाली. आता काय अवदसा आठवली, तर ज्योतिष शिकले. माझी जन्मवेळ मागायला आले होते. म्हटलं, माझा असल्या थोतांडावर विश्वास नाही. म्हणाले, माझाही नाही, म्हणून तर तपासतोय.
बिनसाखरेचा चहा घेतला. मग गॅलरीत गेले आणि कठड्याकडे बघतच राहिले. म्हणाले, बाई, इतका देखणा गंज बऱ्याच वर्षांत पाहिला नाही.
मेल्याहून मेल्यासारखं झालं. उद्याच रंगवाल्याला बोलावते.
संध्याकाळी १५८. मशीन नवीन आहे, अजून बसलेलं नाही.

८ फेब्रुवारी
रोज चारला येतात. मी बोलावत नाही. चहाचं आधण तेव्हाच ठेवलेलं असतं, हा योगायोग.
त्यांनी एक सूत्र काढलंय. नवरा-बायकोच्या पत्रिका घालायच्या, शंभरपैकी मार्क येतात. नातीने ते कॉम्प्युटरवर बसवून दिलं. आमच्याच बिल्डिंगमधल्या जोड्यांवर प्रयोग चालू आहे. तळमजल्यावरच्या शिंप्याला आणि त्याच्या बायकोला एक्क्याण्णव आले. ती दोघं वॉशिंग मशीन कुठे ठेवायचं यावरून गेल्या वर्षापासून एकमेकांशी बोलत नाहीत. आमच्याकडे लिफ्ट नाही, पण लिफ्ट दुरुस्त करणारा एक राहतो, त्याला बारा आले. तो अजून बायकोचा हात धरून बाजारात जातो. मी हे सांगितलं तर म्हणाले, अपवाद. म्हटलं, अहो, अपवादच चारचौघांसारखे वागतायत आणि तुमचं सूत्र एकटं पडलंय.
हसले. हसताना बरे दिसतात. म्हणजे कवळी चांगली बसली आहे.
संध्याकाळी १६०. लोणचं बंद.

११ फेब्रुवारी
रंगवाला येऊन गेला. सगळा गंज खरवडला, दोन हात हिरवा रंग मारला. म्हणाला, आजी, दहा वर्षं गंज चढणार नाही, गॅरंटी. चेहऱ्यावरूनच लबाड.
चारला गंजवाले आले. गॅलरीत गेले, कठड्यावरून बोट फिरवलं, गप्प झाले. बहुतेक रंग आवडला. शब्द सुचेनात बिचाऱ्यांना.

१५ फेब्रुवारी
आज म्हणाले, सूत्र आता स्वतःवर वापरणार. एकट्याने जेवायचा कंटाळा आलाय. सोबत हवी. चेहरा बघणार नाही, स्वभाव बघणार नाही, ज्या बाईशी जास्त मार्क येतील तिला विचारणार. पंचवीस माणसं हाताखाली असलेला साहेब होता म्हणे हा.
तिसऱ्या मजल्यावरच्या इंजेक्शनबाईंनी लगेच जन्मवेळ कळवली. रिटायर नर्स आहेत, हात जड. चौऱ्याहत्तर मार्क आले. गंजवाले हे सांगताना माझ्याकडे का बघत होते कळलं नाही. म्हणाले, तुमची वेळ मिळाली असती तर बरं झालं असतं. म्हटलं, मला काय करायचंय?
मला खरंच काही करायचं नाही.
संध्याकाळी १७०. शेजाऱ्यांचा टीव्ही मोठ्याने चालू होता.

१६ फेब्रुवारी
विचार केला. भोळा माणूस आहे. इंजेक्शनबाई त्याला आठवड्यात सरळ करून टाकतील. शेजारी म्हणून आपलं काही कर्तव्य असतं. त्याला धडा शिकवायचा की मार्क काय, कसेही आणता येतात. एवढाच हेतू.
माझी जन्मतारीख कुणाला माहीत नाही. शाळेत नाव घातलं तेव्हा मास्तरांनी माझी उंची बघून तारीख टाकली. नातीला म्हटलं, सहज घालून बघ. एकोणीस आले. चौथीत गणितातही तेवढेच होते.
नातीला म्हटलं, उलटीकडून जा. त्यांची पत्रिका धर आणि कुठल्या तारखेला शंभर येतात ते काढ. नात म्हणाली, आजी, तुला ते आवडतात का? म्हटलं, मला साधा भाताचा वास आवडत नाही, माणसं कुठली आवडायला! मशीन चालव.
पहिली तारीख निघाली. नात म्हणाली, आजी, या हिशोबाने तू काकापेक्षा चार वर्षांनी लहान आहेस. म्हटलं, दुसरी काढ. त्याला वाईट वाटेल.
दुसरी बेताची निघाली. पहाटे तीन वाजून सतरा मिनिटं.

१७ फेब्रुवारी
चारला सांगितलं, थोरल्या बहिणीला विचारलं, तिला वेळ आठवली. (थोरली बहीण जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांना माहीत नाही.) तीन सतरा ऐकून पेन थांबलं. म्हणाले, इतकी नेमकी? घरात घड्याळ होतं का? म्हटलं, कोंबडा होता.
त्यांनी ‘कोंबडा’ असं लिहून घेतलं. शास्त्रज्ञ.
उद्या निकाल सांगणार. नवा चष्मा घालीन. जुन्याची काडी सैल झाली आहे, दुसरं काही कारण नाही. ते विचारतील तेव्हा लगेच हो म्हणायचं नाही. आधी चांगलं झापायचं, मग विचार करते म्हणायचं. धडा शिकवायचाय तो त्यानंतरही शिकवता येईल. घाई नाही.

१८ फेब्रुवारी
चारला आले. बसले नाहीत. चेहरा पांढरा. शंभरपैकी शंभर, म्हणाले. मी चष्मा सारखा केला.
म्हणाले, बाई, चाळीस वर्षांत माझा एकही आलेख सरळ आला नाही. जगात कुठलीच गोष्ट शंभर टक्के येत नाही. उत्तर इतकं स्वच्छ आलं की समजायचं, एकतर माणूस खोटं बोलतोय, नाहीतर सूत्र चुकलंय. तुम्ही खोटं बोलणाऱ्यातल्या नाही. तेव्हा सूत्रच चुकलं. माझे डोळे उघडलेत. आजपासून ज्योतिष बंद.
मी तोंड उघडलं होतं. पुन्हा मिटलं. त्यांनी माझ्यावर एवढा विश्वास टाकलेला, तो कसा मोडायचा? मी तत्त्वाची आहे.
मी म्हटलं, बरं झालं, थोतांड सुटलं. चहा न घेता गेले. माझे आभार मानून गेले.
धडा शिकवायचा होता, शिकवला. ठरवलं तसंच झालं सगळं.

१९ फेब्रुवारी
चारला कुणी आलं नाही. चहा दोन कपांचा झाला, आधण जास्त पडलं. दोन्ही प्यायले.
संध्याकाळी १२०.

२२ फेब्रुवारी
नातीला ते जिन्यात भेटले. नात म्हणाली, तुमच्या सूत्राला किती मार्क चालले असते हो? तर म्हणाले, तुझ्या आजीचे पस्तीस आले असते तरी पास धरलं असतं, शंभर आले तिथेच घोटाळा झाला. आता खाली यायला कारण काय सांगू?
नात माझ्यावर ओरडली. आजी, खरं सांगून टाक. वर जा आणि सरळ म्हण, चहाला चला. म्हटलं, अगं, एकोणीस आलेत, नापास आहे मी. आणि माझे गुडघे जिना चढण्यातले आहेत का? म्हणाली, परवा गच्चीवर मसाला वाळत घालायला चढलीस ती कोणाच्या गुडघ्यांनी?
हल्ली पोरांना वडीलधाऱ्यांशी बोलायची रीत नाही.

२६ फेब्रुवारी
बातमी. गंजवाले पुन्हा गंजाकडे वळले. घराघरात जाऊन गंजलेली वस्तू आहे का विचारतायत. भिंग घेऊन हिंडतात. खूष आहेत म्हणे.
आमच्याकडे आले नाहीत. आपलं घर स्वच्छ असतं, ठाऊक आहे त्यांना.

१ मार्च
इंजेक्शनबाईंच्या गॅलरीत लोखंडी खुर्ची आहे, पार गंजलेली. चारला माझ्या डोक्यावर गंजवाल्यांची खुर्ची सरकल्याचा आवाज येतो, दार लागतं, मग पावलं जिन्याने वर जातात. खाली नाही, वर. मी मुद्दाम ऐकत नाही. कान चांगले आहेत, त्याला काय करणार!

३ मार्च
कठड्याला मिठाचं पाणी मारायला सुरुवात केली. कुंडीतल्या रोपांना कीड लागते, त्यावर उपाय म्हणून. नात म्हणाली, कुंड्या इकडे आहेत आजी. म्हटलं, तुला बागकाम कळत नाही.

१२ मार्च
मिठाचं पाणी चालू. लिंबूही पिळून बघितलं. खुरप्याच्या टोकाने दोन ठिकाणी ओरखडे काढले, टोक वाकलं.
संध्याकाळी १२०.

२० मार्च
डॉक्टरांनी डायरीतले आकडे बघितले. म्हणाले, कमाल आहे, गेला महिनाभर बीपी एकदम नॉर्मल, असंच चालू ठेवा. म्हटलं, ठेवते.
चारला मी गॅलरीत जाऊन आले. कठडा वरपासून खालपर्यंत हिरवागार, डाग म्हणून नाही. माणसं ओळखण्यात मी सहसा चुकत नाही. रंगवाल्याच्या बाबतीत चुकले.
सकाळी १२०. संध्याकाळी १२०.